वरच्या खोलीची कडी

अमळनेर सुटलं की मी खिडकीची जागा कुणाला देत नसे. तेव्हा मी जळगावला वसतिगृहात राहून कॉलेज करत होते आणि शनिवारच्या पॅसेंजरनं गावी जात होते. नरडाणा यायच्या थोडं आधी, कपाशीच्या काळ्या सपाट रानापलीकडे आमचं गाव दिसतं. गावातलं शेवटचं घर आमचं. दिवेलागणीची वेळ असली तर गच्चीवरच्या खोलीत पिवळा बल्ब लागलेला असे आणि खिडकीत कुणीतरी बसलेलं असे. एवढ्या लांबून चेहरा दिसत नसे. गाडी पुढे जाई, तरी ती खिडकी बराच वेळ माझ्यासोबत चालत राही. तिथे बसलेली बाई म्हणजे आमची फुई, माझ्या वडिलांची बहीण, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही रेल्वेतून ती मला दुसरीच कुणीतरी वाटायची, आणि ते वाटणं मला फार आवडायचं.

त्याच वर्षी आम्हाला एक जुनी इंग्रजी कादंबरी अभ्यासाला लागली. माळरानावर एकटं उभं असलेलं मोठं घर, बाराही महिने धुकं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरणारी अबोल कारभारीण, आणि वरच्या मजल्यावर एक कुलूपबंद खोली. घरात आलेली नवी नवरी एका संध्याकाळी बाहेरून त्या खोलीच्या खिडकीत दिवा पाहते. वर कोण राहतं हे तिला कुणी सांगत नाही. शेवटी दार उघडतात तेव्हा आत खुर्चीवर टाकलेली एका बाईची शाल तेवढी सापडते. मी ती कादंबरी गाडीतच वाचली. एका शनिवारी पुस्तकातून मान वर केली तर समोर आमची खिडकी होती. त्या दिवसापासून ही दोन घरं माझ्या डोक्यात कधी वेगळी झाली नाहीत.

आता खरं सांगायचं तर आमच्या घरात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी पहिलीत असताना बांधलेलं स्लॅबचं घर, गुलाबी ऑइलपेंट, गच्चीवर काळी टाकी आणि शेजारी ती एक खोली. धुकं तर आम्ही पुस्तकातच पाहिलेलं. पण आमच्याकडे वैशाखातली दुपार असते. बारा वाजले की सगळं गाव दारं लावून घेतं, ओल्या गोणपाटाचे पडदे सोडतात, घरात दिवसा अंधार होतो आणि बाहेर रस्त्यावर कुत्रंही नसतं. रूळ हलल्यासारखे दिसतात आणि लांबची झाडं जमिनीपासून वर उचललेली दिसतात. अशा दुपारी मी पालथी पडून विचार करायचे, की त्या लेखकाला आमचा मे महिना दाखवला असता तर त्यानं धुक्याचं नावही काढलं नसतं.

फुईचं लग्न एकोणिसाव्या वर्षी तापीपलीकडच्या गावात झालं आणि सहा महिन्यांत ती परत आली. का आली हे घरात कुणी बोललं नाही, आणि आम्हा मुलांची विचारायची टाप नव्हती. ती दिवसभर खाली असायची. डाळी निवडायची, गोधड्या शिवायची, बैठकीतल्या भिंतीवर काकांचा फोटो होता तो रोज पदरानं पुसायची. काका म्हणजे तिचा धाकटा भाऊ, सतरा-अठराव्या वर्षी रानात साप चावून गेला, माझ्या जन्माच्या आधी. फोटो पुसून झाला की ती त्याच्याकडे न पाहता निघून जाई. फक्त झोपायला आणि संध्याकाळी खिडकीत बसायला ती वर जायची. मी कधी विचारलं, "फुई, वर एकटीला करमतं का?" तर आमच्या अहिराणीत म्हणायची, "बठ्ठं आठूनच दिखस. गाड्या दिखतस, मानसं दिखतस. करमाले आजून काय लागस?"

एकच दिवस असा होता की फुई खालीच येत नसे. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी मांडतात, आणि तिच्यासाठी रोट करतात. आदल्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे, आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या नि खीर करायची. हे सगळं मिळून रोट. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही, कारण तिचं कूळ बदललं. जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा उघड्यावर सांडायचं नाही. अंगणात खड्डा करून त्यातच सोडायचं. त्या दुपारी आम्ही सगळे पंगतीत बसलेले असायचो आणि आजी सांगायची, "आज वर जावानं नई." मी एकदा चोरून जिना चढले होते. दार बंद होतं. बस, एवढंच पाहिलं आणि पळत खाली आले.

पण कादंबरी वाचल्यावर आठवणीतल्या त्या दाराला मी बाहेरून कुलूप लावलं. अगदी पितळेचं, मोठं. आणि तीस वर्षं मला वाटत राहिलं की ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे माझं लग्न झालं, मी जळगावलाच एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले आणि गंमत अशी की तीच कादंबरी माझ्या वाट्याला आली. वर्षानुवर्षं फळ्यावर तीन रकाने आखत आले आहे: वातावरण, पात्रं, प्रतीकं. धुकं म्हणजे लपवलेलं सत्य, किल्ल्या म्हणजे सत्ता, खोली म्हणजे दडपलेलं मन. मुलं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जसंच्या तसं लिहितात. मी ते तपासते आणि माझेच शब्द परत वाचून मला माझाच कंटाळा येतो.

दोनेक वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी घुटमळत उभी राहिली. जामनेरकडच्या खेड्यातून रोज बसनं येणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, "मॅडम, त्या वरच्या बाईला जेवायला कोण द्यायचं?"

मी म्हटलं, "अगं, ती प्रतीक आहे. तिच्या जेवणाचा उल्लेख कादंबरीत नाही."

"हो मॅडम. पण तिला भूक तर लागत असेल ना."

मी काहीतरी बोलून तिला वाटेला लावलं. पण संध्याकाळी स्वयंपाक करताना हातातली पळी तशीच राहिली. कानबाईच्या दिवशी सगळं घर खाली पुरणपोळी खात असायचं, तेव्हा फुई वर काय खायची? ते मला माहीत नव्हतं. पन्नाशीला आले तरी मी कधी विचारलं नव्हतं, आणि मी दडपलेल्या मनावर भाषणं देत होते. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. वहिनी मूळची धुळ्याची, भावाची बायको, मोजकं बोलणारी. म्हणाली, "ताई, फुई यंदा फार थकल्यात. जिना चढायला अर्धा तास लागतो, पण खाली झोपा म्हटलं तर ऐकत नाहीत. कानबाईला येऊन जा जमलं तर." ह्या "यंदा" शब्दाचा अर्थ मला कळला. त्या क्षणी मी ठरवलं की फुईला मरायच्या आधी एकदा ह्या घरचा रोट खाऊ घालायचा. साठ वर्षं ज्या घराच्या डाळी तिनं निवडल्या, त्या घरानं तिला एकदा तरी आपल्यात धरावं. माझ्या सासरी कानबाई बसत नाही, त्यामुळे लग्नानंतर मीही रोट खाल्लेला नाही. मला त्याची आठवण येत नाही असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे.

शनिवारी गेले. पाऊस पडून उघडला होता आणि गाडीतून दिसणारी कपाशी धुऊन ठेवल्यासारखी होती. ढगांच्या सावल्या रानावरून संथ सरकत होत्या. मी सवयीनं खिडकीकडे पाहिलं. ती तिथं होती. पण ह्या वेळी मला रेल्वेतून दिसली ती फुईच, दुसरी कुणी नाही.

संध्याकाळी देवघरापुढे वहिनी पाटावर बसली, सुपात गहू घेतले. भाऊ एकेक नाव घेत होता, स्वतःचं, मुलांचं, चुलतभावांचं, आणि वहिनी सव्वा मूठ टाकत होती: एक भरलेली मूठ आणि वर जास्तीची पाव मूठ. मुठी संपल्या. वहिनी सूप सरकवणार तेवढ्यात मी म्हटलं, "भाऊ, एक मूठ फुईना नावनी टाकाले सांग."

भावानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "फुईनं नाव तठे लागनं. आठे तिनी मूठ कशी पडी?" तठे, म्हणजे तिच्या सासरी.

"तठलं कोन तिले इचारस? कोनी उनं का कधी?"

"रीत मी नई बनाडेल शे," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. माझा चढला. माझं हे असंच आहे, आधी जीभ सुटते आणि मग डोकं मागून येतं. मी त्याला म्हटलं की हे घर नाही, तुरुंग आहे. बाईला इतकी वर्षं वर कोंडून ठेवलंय आणि देवीपुढे दिवे लावता. भाऊ उठून अंगणात गेला. वहिनी खाली मान घालून गव्हातला एक खडा शोधत होती. तिच्या कमरेला किल्ल्या होत्या, कपाटाच्या आणि कोठीच्या. मी मनात म्हटलं, ही बघा आमची कारभारीण, मूग गिळून बसलीय. वर जिन्याच्या तोंडाशी काहीतरी हललं आणि मग दार लागल्याचा आवाज आला.

रविवारी दुपारी पंगत बसली. मी लेक, म्हणून माझं पान तिथं नव्हतंच. मी जिना चढले. गच्चीवर ऊन आणि सावली आलटून पालटून पडत होती. खालून पुरणाचा वास येत होता, लांब नरडाण्याकडे मालगाडी उभी होती, आणि मला खरंच असं वाटत होतं की मी आठ वर्षांची आहे आणि आता कुणीतरी हाक मारून मला खाली बोलावील. दारापाशी गेले. माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं असलेलं पितळी कुलूप तिथं नव्हतं. कुलूप लावायला बाहेरून कोयंडाच नव्हता. असल्याची खूणही नव्हती. मी दारावरून हात फिरवून पाहिला, कोऱ्या गुळगुळीत फळीवरून.

"फुई," मी हळू म्हटलं, "दार उघड."

"तू कसाले उनी वर?" आतून आवाज आला. "जेवाले जाय."

"माले कोन देस जेवाले? मी बी लेकच शे," मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. "फुई, तुले कोन कोंडस ह्या दिवशे?"

आत ती हसल्यासारखं झालं. "कोन कोंडी? कडी मीच लावस पोरी. आतून शे ती."

मी दाराला पाठ लावून उंबऱ्याबाहेर बसले. ती आत दाराशीच बसली असावी, कारण आवाज अगदी माझ्या खांद्यापाशी येत होता. मी काल भावाशी भांडले ते तिनं ऐकलं होतं. ती म्हणाली, भांडू नको, त्याचं काही चुकत नाही. मग थांबून थांबून तिनं ते सांगितलं, जे ती आणि आजी सोडून कुणालाच माहीत नव्हतं, आणि आजी जाऊन तर जमाना झाला. "मी परत उनी ते साल, रोटना दिवशे. माय पदरमा लपाडीसन लई उनी, एक पोयी. मी खादी. पंधरा दिनमा तो गया." तो म्हणजे फोटोतला काका. "मी खावाले नको व्हती. मना हक नव्हता. तवयपाईन मी कडी लावस. कोनी दया करीसन आनाले नको, आनि मना हात पुढे जावाले नको."

सापाचा आणि पुरणपोळीचा काय संबंध, असं मी कुठल्याही दुसऱ्या माणसाला फाडकन म्हटलं असतं. तिला नाही म्हणता आलं. साठ वर्षं ती रोज तो फोटो का पुसत होती आणि त्याच्याकडे का पाहत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. आणि मी मारे तिच्यासाठी मूठ मागायला गेले होते. मी दार ठोठावून तिचा जुना घाव उघडा करत होते. मला रडू आलं आणि मी ते तोंडावर हात धरून दाबलं, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

जिन्यावर किल्ल्या वाजल्या. वहिनी वर आली. हातात झाकलेलं ताट. तिनं माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि ताट न ठेवता उभी राहिली.

"फुई, दार उघडा. पोळी आणलीय."

"नको माय. भाऊले चालावं नई."

"ते जेवताहेत खाली. फुई, ऐका. मूठ ज्याच्या नावाची त्याची. पण वरचं पाव असतं ना, ते मी दरसाल तुमच्या नावानं टाकते. मनातल्या मनात. आधी मूठ त्यांचं नाव घेऊन, मग पाव तुमचं. तुम्ही रोटात आहातच. फक्त खात नाही."

मग फुईचा आवाज आला, अगदी बारीक. "कवयपाईन?"

"मी ह्या घरात आले त्या सालापासून. अठ्ठावीस वर्षं झाली."

"आनि कोनले काही व्हयनं नई?"

वहिनीला ह्या प्रश्नाचा अर्थ कळला नसणार. तिला काकाबद्दल, त्या पोळीबद्दल काहीच माहीत नव्हतं. ती आपली सरळ विचार करून सांगायला लागली. "काय व्हायचंय? दोन पोरं झाली, दोन्ही धडधाकट. थोरल्याला मुलगी झाली. विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं. ह्यांना एकदा टायफॉइड झाला होता, तो बरा झाला. म्हैस यंदा उशिरा व्याली, तेवढंच."

मी दाराला कान लावून बसले होते. आत कपड्याचा सरसर आवाज झाला, ती भिंतीला धरून उठत असावी. वहिनी माझ्याकडे बघून हलकेच म्हणाली, "तुम्ही काल मोठ्यानं बोललात ताई, म्हणून आज सांगावं लागलं. नाहीतर न सांगता चाललं होतं ते." मी मान खाली घातली. हिला मी फळ्यावरच्या एका रकान्यात बसवून ठेवलं होतं.

आतली कडी निघाली. गंजलेली असावी, दोनदा अडकली.

फुई दारात उभी होती, माझ्या आठवणीतल्यापेक्षा पुष्कळच लहान. वहिनीनं ताट तिच्या खाटेवर ठेवलं. फुईनं पोळीचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि कितीतरी वेळ तसाच हातात धरला. खीर बोटांवरून मनगटाकडे ओघळत होती. मग तिनं तो खाल्ला. सावकाश चावला. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"गूळ कमी शे," फुई म्हणाली.

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला आणि हसायला लागली. पूर्ण ताट फुईनं संपवलं, एक शीत ठेवलं नाही. मग तिनं खरकटा हात तसाच धरून विचारलं, "पानी कोठे सोडानं?" तिला ठाऊक होतं कुठे सोडायचं. त्या खड्ड्याच्या कडेनं तिनंच कितीदा सडा घातला होता. वहिनीनं तिला धरलं आणि दोघी एकेक पायरी जिना उतरायला लागल्या.

मी त्यांच्या मागे गेले नाही. फुईच्या खाटेवर बसले, मग उठून खिडकीपाशी तिच्या जागी उभी राहिले. इतक्या वर्षांत मी ह्या खिडकीतून बाहेर कधी पाहिलं नव्हतं, नेहमी बाहेरून आत. रूळ दिसत होते, कपाशी दिसत होती. खाली वाकलं की आमचं अंगणही दिसतं, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे दर वर्षी ती इथून पंगत उठताना पाहत असणार.

भाऊ खड्ड्यापाशी हात धूत होता. फुईला येताना पाहून तो थबकला. तिचा खरकटा हात त्यानं पाहिला, आणि वहिनीकडे पाहिलं. मला वाटलं आता तो काही बोलेल. त्यानं तांब्या उचलला आणि फुईच्या हातावर पाणी घातलं. धार बारीक ठेवली, सगळं पाणी खड्ड्यातच पडेल अशी. ती बोटं चोळत राहिली आणि तो घालत राहिला, तांब्या रिकामा होईपर्यंत.

मग ओला हात पदराला पुसत फुईनं वर पाहिलं, खिडकीकडे. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून तिनं कपाळावर हात आडवा धरला.

"एकटी काय करी राहिनी वर?" ती म्हणाली. "खाले ये."